पुराच्या दिवसांत स्थानिक रेडिओ केंद्र: महापालिकेने ते वापरायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहर नदीकाठचं आहे आणि मोठ्या पावसात पाणी पेठांमध्ये शिरतं. शहरातल्या एका महाविद्यालयाचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. पुढच्या पावसाळ्यापासून पुराची अधिकृत माहिती याच केंद्रावरून द्यायची, असं महापालिकेच्या मनात आहे. सामग्री काय लागेल, पैसे कशावर घालावेत आणि अशी व्यवस्था फसते कुठे?

उदाहरणं मी सांगली-कोल्हापूरची घेतो. तिथलं पाणी फुटाफुटाने मोजलं जातं आणि लोकांना ते आकडे पाठ असतात.

ट्रान्समीटर हा यातला सोपा भाग आहे. तो बहुतेक केंद्रांकडे असतोच आणि नीट ठेवला तर दगा देत नाही. व्यवस्था फसते ती नियंत्रण कक्षातला अधिकारी आणि स्टुडिओतला माइक यांच्यामध्ये. संदेश कोणी द्यायचा, कोणत्या शब्दांत, किती वाजता आणि तो शिळा झाला की कोणी काढून टाकायचा, हे कोरड्या दिवसांत ठरलेलं नसेल तर पुराच्या रात्री केंद्र गाणी वाजवत राहतं. नाहीतर कोणीतरी व्हॉट्सॲपवर आलेलं वाचून दाखवतं.

आधी कायद्याचं. पूर आल्यावर नवं केंद्र उभं करता येत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी आणि दूरसंचार विभागाकडून मिळणारी लहरी यांत महिने जातात, आणि परवान्याशिवाय ट्रान्समीटर चालवणं हा गुन्हा आहे. जपानमध्ये १९९५च्या कोबे भूकंपापासून वेगळी सोय आहे. आपत्ती आली की स्थानिक प्रशासनाला फोनवरून विनंती करून तात्पुरत्या एफएम केंद्राचा परवाना मिळतो. २०११च्या त्सुनामीनंतर अशी सुमारे तीस केंद्रं चालली. आपल्याकडे ती वाट नाही, म्हणून चालू असलेल्या केंद्राशी आधीच करार करणं हाच मार्ग.

सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, या भीतीने काही केंद्रं पुराबद्दल बोलायलाच कचरतात. त्याची गरज नाही. पाणीपुरवठा, वीज, वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे यांबद्दलची स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती बातम्यांत धरली जात नाही. यातला ‘प्रशासनाने दिलेली’ हा भाग मात्र महत्त्वाचा. संदेश कोणी दिला याचा कागद केंद्राकडे हवा आणि प्रसारणाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायला हवं. हा कागद आणि हे मुद्रण नंतरच्या चौकशीत केंद्राला आणि अधिकाऱ्याला, दोघांनाही वाचवतं.

करारनामा दोन पानांचा पुरतो. दहा पानी मसुदा विधी विभागात अडकतो आणि पावसाळा निघून जातो. त्यात पुढची कलमं असली की झालं. संदेश देण्याचा अधिकार असलेल्या चार जणांची पदं लिहा, नावं नकोत, कारण बदल्या होतात. उदाहरणार्थ आयुक्त, आपत्ती व्यवस्थापन अधिकारी, अग्निशमन दलाचे प्रमुख आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा पाळी अधिकारी. चालू कार्यक्रम थांबवून संदेश देण्याची हमी केंद्राने द्यायची. बदल्यात महापालिकेने केंद्राच्या माणसांना बंद रस्त्यांवरून जाण्याचे पास, गरज पडली तर बोट, इंधनाच्या राखीव यादीत केंद्राचं नाव आणि पाळीच्या माणसांचं जेवण द्यायचं. यादीत नाव हवंच. २०१९मध्ये महामार्ग बंद पडल्यावर कोल्हापुरात पेट्रोल-डिझेल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावं लागलं होतं. तेव्हा रेडिओ केंद्र अत्यावश्यक सेवा आहे, हे पंपावर वाद घालून पटवणार कोण?

संदेश फोनवर आला तर केंद्राने तो लिहून घ्यायचा, फोन ठेवायचा आणि यादीतल्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करायची. या कामाला मिनिटभर लागतं. ‘मी जिल्हाधिकारी कार्यालयातून बोलतोय’ एवढं कोणीही म्हणू शकतं. धरण फुटल्याची अफवा एकदा रेडिओवरून गेली की ती परत घेता येत नाही.

नियंत्रण कक्ष ते स्टुडिओ या जोडणीचे निदान तीन मार्ग हवेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी बंद पडणारे हवेत. दोन कंपन्यांची सिमकार्डं म्हणजे दोन मार्ग नव्हेत. वीज गेली की दोन्हींचे मनोरे काही तासांत बॅटरीवरून उतरतात आणि पाण्यातून तिथपर्यंत डिझेल पोचत नाही. पहिला मार्ग मोबाइल. दुसरा महापालिकेच्या किंवा अग्निशमन दलाच्या बिनतारी यंत्रणेतला एक वॉकीटॉकी संच, जो जूनपासून ऑक्टोबरपर्यंत केंद्रातच चार्जिंगला लावलेला असेल. तिसरा म्हणजे कागद घेऊन येणारा माणूस. त्याचा कोरडा रस्ता नकाशावर आधीच आखलेला असावा. शहरात हौशी बिनतारी संचालक असतील तर त्यांना नियंत्रण कक्षात बसवा. बाहेरगावचे निरोप आणण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण प्रसारण हे त्यांचं काम नाही आणि त्यांच्या परवान्यात ते बसतही नाही.

आता संदेशाविषयी. माझ्या मते सगळ्यांत जास्त श्रम इथे घालावेत.

सांगलीत कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. जलसंपदा विभागाच्या तक्त्यात हे फूट-इंच असतात, जोडीला धरणाचा क्युसेकमधला (सेकंदाला इतके घनफूट) विसर्ग असतो, आणि बहुतेक केंद्रं तो तक्ता जसाच्या तसा वाचतात. नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसाला त्यातून बरंच कळतं. पाचशे मीटर आत, भाड्याच्या तळमजल्यावर दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या कुटुंबाला काही कळत नाही. त्यांचा प्रश्न एकच असतो, माझ्या गल्लीत पाणी येणार का आणि कधी?

म्हणून एप्रिल-मेमध्ये एक ‘पातळी-वस्ती तक्ता’ बनवा. डावीकडे नदीची पातळी एकेक फुटाने. उजवीकडे त्या पातळीला पाणी कोणत्या गल्लीत, कोणत्या खुणेपर्यंत येतं ते. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड हा भाग सगळ्यांत आधी बुडतो. कोल्हापुरात सुतारवाड्यातल्या लोकांना दरवेळी आधी हलवावं लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ४८ फुटांना काय, ५२ फुटांना काय, हे सलग कुठे लिहिलेलं नसतं. २०१९मध्ये इर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ज्या वस्त्यांनी आधी कधी पाणी पाहिलं नव्हतं, त्यांनी घर सोडायला उशीर केला, कारण आधीच्या मोठ्या पुराची, २००५ची, खूण हीच त्यांच्या मनात शेवटची रेषा होती. तक्ता भरायला प्रभागातले मुकादम, पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन आणि जुने दुकानदार यांना एका टेबलाशी बसवा. पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. त्या नकाशाशी तक्ता ताडून घ्या, पण गल्लीच्या खुणा माणसांकडूनच मिळतात.

वेळेचा अंदाज जलसंपदा विभागाकडूनच घ्यायचा. धरणातून सोडलेलं पाणी शहरात पोचायला किती तास लागतील, हे नदी आधीच किती भरली आहे आणि खाली फुगवटा आहे का, म्हणजे पुढचं पाणी तुंबून मागे चढतंय का, यावर ठरतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे कृष्णा तुंबलेली असेल तर पंचगंगा कोल्हापुरात ओसरायचं नाव घेत नाही, पाऊस थांबला तरी. (‘ऊन पडलंय, मग पाणी का उतरत नाही’ हा फोन प्रत्येक पुरात येतो. याचं एक मिनिटाचं उत्तर आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवा.) कोल्हापूरच्या वरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाण्याच्या दाबाने उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. ‘धरणाचे दरवाजे उघडले’ एवढंच वाक्य सांगितलं तर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंत कोसळल्यासारखं चित्र येतं. किती दरवाजे उघडले आणि त्याने नदी साधारण किती चढेल, हे जोडूनच सांगा.

संदेशाचा साचा ठरलेला असावा. मराठीत स्पष्ट वाचन मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास जातं, म्हणजे चाळीस सेकंदांत साधारण ऐंशी शब्द. त्याहून लांब संदेश ऐकणाऱ्याच्या डोक्यात टिकत नाही. नमुना पाहा. यातले आकडे आणि जागा केवळ दाखवण्यापुरत्या आहेत:

‘महापालिका आपत्ती कक्षाची सूचना. वेळ दुपारी चार. नदी आता एक्केचाळीस फुटांवर आहे आणि हळूहळू चढते आहे. रात्री दहापर्यंत त्रेचाळीस फुटांवर जाण्याची शक्यता आहे. नदीकडच्या प्लॉटमधल्या, शाळेच्या मागच्या तिन्ही गल्ल्यांतल्या लोकांनी संध्याकाळी सातच्या आत घर सोडावं. जाण्यासाठी मारुती मंदिराकडचा रस्ता वापरा, घाटाकडचा रस्ता बंद आहे. निवारा महापालिकेच्या शाळेत आहे. औषधं, रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत घ्या, मुख्य स्विच बंद करा. जनावरांची सोय बाजार समितीच्या आवारात आहे. पुढची सूचना साडेचार वाजता.’

यात घोषणेची वेळ सुरुवातीला आणि पुढच्या सूचनेची वेळ शेवटी आहे, ते मुद्दाम. रेडिओवर मध्येच कान देणाऱ्याला आपण ऐकतोय ते ताजं की शिळं हे कळलंच पाहिजे. ‘सतर्क राहावे’, ‘घाबरून जाऊ नये’, ‘प्रशासन सज्ज आहे’ ही वाक्यं काढून टाका. त्यांनी वेळ जातो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जनावरांचं वाक्य मात्र काढू नका. गोठ्यात म्हैस बांधलेली असेल तर माणूस घर सोडत नाही.

मराठी संदेशामागोमाग लगेच हिंदी आणि सीमेलगतच्या शहरांत कन्नड. बांधकामावरचे आणि कारखान्यांतले परप्रांतीय कामगार बहुधा सखल भागातच राहतात.

सूचना तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला, घड्याळ लावून द्यायच्या. नवी माहिती नसेल तरी ‘चारच्या सूचनेत बदल नाही’ एवढं सांगायचं. कारण बॅटरीचं आहे. बाजारात मिळणाऱ्या छोट्या एफएम संचात बहुतेक वेळा बीएल-५सी नावाची मोबाइलची जुनी बॅटरी असते, साधारण हजार मिलिअँपिअर-तासांची. बेताच्या आवाजात ती दहा तास चालते. संच सतत चालू ठेवला तर पहिल्याच रात्री गप्प होईल. तासात दोनदा पाच-पाच मिनिटं लावला तर अडीच दिवस पुरेल. हे गणित लोकांना स्वतःहून सुचत नाही, ते रेडिओवरूनच सांगत राहावं. मधल्या वेळात गाणी, भजनं, काहीही लावा, शांतता नको. केंद्र जिवंत आहे हे संच लावणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे.

सूचनेआधी दहा सेकंदांची एकच ठरलेली ओळखधून वाजवा. ती इतर वेळी, जाहिरातीत किंवा महाविद्यालयाच्या समारंभात वाजता कामा नये. भोंग्याचा आवाज वापरू नका. घरातल्या रेडिओतून सायरन ऐकू आला तर लोक खिडकीशी धावतात आणि पहिली दोन वाक्यं हुकतात.

स्टुडिओत कागद कसे ठेवायचे ही बाब क्षुल्लक वाटते, पण चुका तिथेच होतात. निवेदकासमोर भिंतीवर तीन क्लिपबोर्ड लावा. पहिल्यावर आत्ता वाचायचे संदेश, दुसऱ्यावर दर तासाला फिरवायचे (निवारा केंद्रं, बंद रस्ते, मदत क्रमांक), तिसऱ्यावर रद्द झालेले. संदेश रद्द झाला की कागदाचा वरचा उजवा कोपरा कात्रीने कापायचा आणि मगच तो तिसऱ्या बोर्डावर लावायचा. पहाटे चारला पेंगुळलेला निवेदक कागद उलटसुलट करू शकतो, पण कापलेला कोपरा हाताला लागतो. प्रत्येक कागदावर संदेश कोणाकडून आला, किती वाजता आला, उलट फोन कोणी केला, पहिल्यांदा किती वाजता वाचला, ही नोंद हवी. सगळं संगणकावर ठेवण्याचा आग्रह धरू नका. वीज वाचवायची वेळ आली की पहिल्यांदा बंद होतो तो मोठा संगणकच.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. बहुतेक केंद्रं रात्री संगणकावर यादी लावून बंद खोलीत चालतात. खासगी एफएम वाहिन्यांचा रात्रीचा कार्यक्रम तर अनेकदा दुसऱ्याच शहरातून येतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या मायनॉट शहरात १८ जानेवारी २००२च्या मध्यरात्रीनंतर रेल्वेचे डबे घसरून अमोनिया वायू पसरला, तेव्हा नेमलेल्या केंद्रावरून पोलिसांना तातडीने इशारा देता आला नाही. दोष कोणाचा यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. पण आपत्कालीन जोडणी चालली नाही आणि त्या वेळी स्टुडिओतला फोन उचलला गेला नाही, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. आपल्यासाठी नियम सोपा ठेवा. पाणी चढत चढत इशारा पातळीच्या दोन फूट खालपर्यंत पोचलं की केंद्रात चोवीस तास माणूस. एका पाळीत तिघं लागतात, एक वाचणारा, एक फोन आणि नोंद सांभाळणारा, एक यंत्रं पाहणारा. तीन पाळ्यांचे नऊ आणि राखीव दोन-तीन. सामुदायिक केंद्रात पगारी माणसं चार-पाच असतात, म्हणून उरलेले स्वयंसेवक आणि माजी विद्यार्थी यांतून मे महिन्यातच तयार करावे लागतात. निवडताना त्यांचं घर पुरात येतं का हे विचारा. ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरतंय त्याला माइकवर बसवून ठेवणं अन्यायाचं आहे, आणि तो थांबणारही नाही.

यंत्रसामग्रीकडे वळू. सामुदायिक केंद्राची प्रसारणशक्ती साधारणपणे १०० वॅट ईआरपी (म्हणजे एरिअलचा परिणाम धरून बाहेर पडणारी शक्ती) आणि मनोऱ्याची उंची जमिनीपासून कमाल ३० मीटर. सपाट भागात १० ते १५ किलोमीटर व्यवस्थित ऐकू येतं. शहरासाठी हे पुरेसं आहे, पण कागदावरच्या वर्तुळावर विश्वास ठेवू नका. एक स्वस्त संच घेऊन प्रत्येक सखल वस्तीत जा, काँक्रीटच्या इमारतीच्या तळमजल्यावर, दार लावून ऐका आणि नकाशावर ‘स्वच्छ’, ‘खरखर’, ‘नाही’ अशा तीनच खुणा करा. नदीकाठच्या खोलगट भागात खरखर निघाली तर तिथल्या तालमीच्या किंवा मंदिराच्या गच्चीवर बाहेरची एरिअल लावलेला संच बसवा आणि तो ध्वनिक्षेपकाला जोडा.

स्टुडिओ आणि जनरेटर कुठे आहेत हे आज जाऊन पाहा. स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर आणि जनरेटर, मीटर, मुख्य स्विच तळमजल्यावर, ही मांडणी सगळीकडे सापडते. पाणी मीटरपर्यंत आलं की वर सगळं कोरडं असूनही प्रसारण बंद. विजेची निदान एक वेगळी वायर थेट इन्व्हर्टरपासून ट्रान्समीटरपर्यंत वरच्या मजल्यावरच फिरलेली हवी.

विजेचा हिशेब असा. ५० वॅटचा ट्रान्समीटर प्रत्यक्षात सुमारे १०० वॅट वीज खातो, लॅपटॉप ५०, मिक्सर २५, दिवा-पंखा-फोनचं चार्जिंग ५०. इन्व्हर्टरची गळती धरून २६० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांत कागदावर ३,६०० वॅट-तास असतात, पण निम्म्याच वापराव्यात. म्हणजे सात तास मिळतात. त्या पुन्हा भरायला पाच-सहा तास जनरेटर लागतो. दोन केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर एवढ्या भाराला तासाला अर्धा-पाऊण लिटर पितो, म्हणजे दिवसाला सात-आठ लिटर. मोठा डिझेल जनरेटर घेण्याचा मोह टाळा. पाच-दहा केव्हीएचं इंजिन अर्ध्या किलोवॅटवर दिवसचे दिवस चालवलं की ते नीट तापत नाही, काजळी धरतं आणि इंधन जास्त खातं ते वेगळंच. जनरेटर गच्चीवर किंवा उघड्या सज्जात ठेवा. पाऊस लागतो म्हणून कोणी जिन्यात ओढला तर धुराने माणसं दगावतील.

बॅटरी कमी पडू लागली तर ट्रान्समीटर ५० वरून २० वॅटवर आणा. शक्ती निम्म्याहून खाली आली तरी पल्ला निम्मा होत नाही. क्षेत्राची तीव्रता साधारण ६३ टक्के राहते आणि शहराच्या मध्यभागात तर फरक जाणवतही नाही.

पावसात ट्रान्समीटर ‘कमजोर’ होतो तेव्हा बहुतेक वेळा दोष ट्रान्समीटरचा नसतो. एरिअलच्या जोडणीत पाणी गेलेलं असतं. ट्रान्समीटरच्या पटलावर पुढे जाणारी आणि परत येणारी शक्ती, असे दोन आकडे दिसतात. ५० वॅटला परत येणारी १ वॅटच्या आत असेल तर ठीक. ती ५ वॅटकडे सरकली की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करू लागतं. तेव्हा शक्ती वाढवण्याची बटणं दाबत बसू नका, दोष मनोऱ्यावर आहे. मे महिन्यात जोडण्या उघडून, कोरड्या करून, थर एकमेकांना चिकटून एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी थरांवरून निथळतं. इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळतो आणि आत येत नाही. रोजच्या नोंदवहीत हे दोन आकडे लिहिले तर बिघाड आठवडाभर आधी दिसतो.

ऐकणाऱ्यांकडे संच आहेत का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. स्मार्टफोनवर विसंबू नका. अनेक फोनमध्ये एफएम नाही, आणि जिथे आहे तिथे वायरचा इअरफोनच एरिअलचं काम करतो. इअरफोन ब्लूटूथचा असेल तर काही ऐकू येत नाही. ‘ॲपवर ऐकतो’ म्हणणाऱ्यांना सांगा, ते इंटरनेट आहे, ते आधी जाईल. रिक्षा आणि चारचाकींतले रेडिओ मात्र चांगले, त्यांची बॅटरी मोठी. महापालिकेने प्रत्येक तालमीला, अंगणवाडीला, रेशन दुकानाला आणि निवारा केंद्राला पेन्सिल सेलवर चालणारा एक संच आणि सेलचे दोन जोड दिले तर खर्च एखाद्या फ्लेक्स मोहिमेपेक्षा कमीच होईल. केंद्राचा संचावर लावायचा एफएम क्रमांक घरपट्टीच्या बिलावर छापा.

आणि सवय लावा. रामेश्वरमजवळच्या पांबनचं ‘कडल ओसै’ हे मच्छीमारांचं केंद्र वारा-लाटांची माहिती रोजच्या रोज देतं. त्यामुळे वादळाच्या दिवशी कुठे ऐकायचं हे लोकांना सांगावं लागत नाही. जून ते सप्टेंबर रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला एक मिनिट, नदीची पातळी आणि धरणाचा विसर्ग. पुराच्या वर्षाची वाट पाहू नका.

अफवांबद्दल एवढंच, खरं आधी सांगा. ‘धरण फुटल्याची अफवा पसरली आहे, ती खोटी आहे’ असं वाक्य अर्धवट ऐकणाऱ्याला ‘धरण फुटल्याची’ एवढंच ऐकू येतं. ‘धरण सुरक्षित आहे, अभियंते तिथे हजर आहेत, पाचच्या पाहणीनुसार विसर्ग इतका’ असं सांगून थांबा. अडकलेल्या लोकांचे फोन थेट प्रसारणावर घेऊ नका. ठिकाण, जवळची खूण, माणसं किती, आजारी-गरोदर कोणी आहे का, पाणी कितव्या पायरीवर, परतफोनचा क्रमांक, एवढं लिहून बचाव पथकाला द्या. कोणाचं घर रिकामं आहे हे हवेत जाऊ देऊ नका, चोर बोटीनेही येतात.

घर रिकामं करण्याच्या शेवटच्या आदेशासाठी गल्लीत फिरणारा ध्वनिक्षेपक रेडिओपेक्षा प्रभावी असतो, आणि मोबाइलवर येणारा इशारा झोपलेल्याला उठवतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी तर शेजारीच नेमावा लागतो. रेडिओचं काम त्यानंतर सुरू होतं आणि पाणी ओसरल्यावर वाढतं. २०१९मध्ये कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि पुराच्या वेढ्यातल्या शहराला नळाचं पाणी मिळेना. अशा वेळी कोणत्या चौकात टँकर किती वाजता, हे प्रभागवार सांगणारा आवाज लागतो. पुढचे दहा दिवस रोज हेच सांगावं लागतं. वायरमनने तपासल्याशिवाय मुख्य स्विच चालू करू नका. पाणी खळखळ उकळू द्या, निदान एक मिनिट. चिखल काढताना हाता-पायावर जखम असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या आजारावरच्या) गोळ्यांबद्दल विचारा. भिजलेल्या सामानाचे फोटो काढल्याशिवाय ते फेकू नका. आज पंचनामा कोणत्या गल्लीत, तलाठी किती वाजता. ही यादी महसूल आणि आरोग्य विभागाकडून रोज संध्याकाळी सातपर्यंत केंद्रात यायला हवी आणि ती पोचवणारा माणूस करारातच नेमलेला असावा, कारण पाणी उतरलं की नियंत्रण कक्षातली माणसं पांगतात आणि केंद्राचा फोन कोणी उचलत नाही.

सराव दोन करा. एक मेच्या शेवटी दिवसा, दुसरा जूनच्या मध्यात, रात्री दोनला, न सांगता. संदेश नियंत्रण कक्षातून निघाल्यापासून हवेत जाईपर्यंत किती मिनिटं लागली ते मोजा. दहाच्या आत आलं तर चांगलं. प्रत्येक वाक्याआधी आणि नंतर ‘हा सराव आहे’ म्हणा आणि ओळखधून वाजवू नका. रात्रीच्या सरावात बहुधा यंत्रं ठीक निघतात आणि स्टुडिओच्या इमारतीच्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे, हेच कोणाला ठाऊक नसतं. तिच्या तीन प्रती काढा. एक पहारेकऱ्याकडे, एक अग्निशमन केंद्रात, एक यंत्रं पाहणाऱ्याच्या घरी.